भोंग्यावरचा निकाह

अंधेरीत आमच्या घरासमोर नवी मशीद उभी राहिली, त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. सिमेंटची मशीद, आत विजेचे पंखे आणि मिनारावर भोंगा. अब्बांना त्या भोंग्याचं भारी कौतुक. तिथला पहिला निकाह आपल्याच घरचा व्हावा, हा त्यांचा हट्ट.

स्थळ गोरेगावचं होतं. मुलगा मी पाहिला नव्हता आणि मला कुणी काही विचारलंही नव्हतं. आमच्यात निकाह मशिदीत पुरुषांसमोर होतो, नवरी घरीच बसते. पण त्याआधी तिचा वकील दोन साक्षीदार घेऊन येतो, मुलाचं नाव सांगून तिची संमती विचारतो. तिनं होकार दिल्याशिवाय काझी सुरुवात करत नाही. माझा वकील म्हणजे मामू. लग्न ठरल्यापासून मी त्या एका प्रश्नाची वाट पाहत होते.

दुपारनंतरची नमाज संपली. आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात माझे पाय एका जागी ठरत नव्हते. जरीच्या ओढणीनं मान खाजत होती. मामू काही येईना. एकदम भोंगा खरखरला आणि काझीसाहेबांनी निकाहाचा खुतबा, म्हणजे कबूल विचारण्याआधीचं प्रवचन, सुरू केलं.

"मला अजून कुणी विचारलं नाही," मी म्हणाले.

अम्मीनं डोळे पुसता पुसता गप्प बसायची खूण केली. शेजारीण म्हणाली, नाहीतरी तू हो म्हणणारच होतीस ना. ते खरं होतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. एवढा एकच शब्द माझ्या वाट्याचा, तोही परस्पर उरकायचा? मी उठले आणि तशीच दाराकडे निघाले. नवरी रस्ता ओलांडून मशिदीत शिरली असती, तर अब्बांची वाटच लागली असती. खालानं, अम्मीच्या बहिणीनं, मला धरून बसवलं, स्वतः बुरखा चढवला आणि तीच मशिदीकडे धावली.

खुतबा मध्येच थांबला. भोंगा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. काझीसाहेबांचा सवाल अख्ख्या आळीनं ऐकला, "लडकी की इजाजत किसने ली?"

मामू घामाघूम होऊन आला. घर इतकं समोर, की कुणीतरी जाऊन आलंच असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं मुलाचं नाव घेऊन विचारलं. मी गप्प. पुन्हा विचारलं. आता मला भीती वाटायला लागली. नाहीसुद्धा म्हणता येतं, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मामूचा चेहरा उतरला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी मोठ्यानं म्हणाले, "कबूल."

"हळू गं, बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे ना मामू. तुमचं सगळं मी ऐकलंच की."

थोड्या वेळानं भोंग्यातून एक अनोळखी आवाज आला, कबूल. आवाज कापत होता. आपल्याला नकार येतो की काय, म्हणून तोही तिकडे घाबरून बसला असणार. तेव्हा कुठे माझे पाय थांबले.