हेम्माबाईंना कुठे विचारायचं

माझा मेहुणा कॅसिअन याला एक साधा प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारायला त्याने सोळा वर्षं लावली. दर हिवाळ्यात तो म्हणायचा, "आत्ता गर्दी आहे, उन्हाळ्यात बघू." आणि दर उन्हाळ्यात म्हणायचा, "आत्ता गाई आहेत, हिवाळा येऊ दे." मी या गावात, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट कंपनीच्या हिशेबखात्यात आयुष्य काढलं, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. इतका रखडलेला व्यवहार मी दुसरा पाहिला नाही.

कॅसिअनची दोन आयुष्यं आहेत. हिवाळ्यात तो डोंगरावरच्या मधल्या स्थानकात लिफ्ट चालवतो. बर्फ वितळला की त्याच उतारावर त्याच्या गाई चरतात. जिथे जानेवारीत डच पोरं स्कीसकट आपटतात तिथेच जुलैत त्याची वासरं लोळतात, आणि दोघांशी तो एकाच सुरात बोलतो. "ऊठ. बाजूला हो. लागलं नाही ना? मग ओरडतोस कशाला?"

मधल्या स्थानकाला लागून हेम्माबाईंची खानावळ. बाई मूळच्या दूरच्या कॅरिंथिया प्रांतातल्या, वनअधिकाऱ्याची बायको म्हणून इथे आल्या. साहेब वारले तेव्हा त्या माहेरी परत जातील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी कंपनीकडून खानावळ चालवायला घेतली. हिवाळ्यात स्कीवाल्यांना सूप, उन्हाळ्यात चालत येणाऱ्यांना ताक आणि पाव. हात चांगला, जीभ त्याहून तिखट.

आता अडचण काय ती सांगतो. आमच्या डोंगरात हजार मीटरच्या वर कोणी कोणाला 'तुम्ही' म्हणत नाही. मंत्री असो की सर्जन, वर गेला की तो 'तू'. खाली उतरला की परत 'तुम्ही'. आमचं गाव हजाराच्या खाली आहे. गावकरी आपापसात खालीही 'तू'च म्हणतात, पण हेम्माबाई पडल्या साहेबाच्या घरातल्या, त्यात परप्रांतातल्या. त्यामुळे वर कॅसिअन म्हणायचा, "हेम्मा, तुझं सूप खारट झालंय," आणि ती म्हणायची, "तू आधी मिशा पूस, मग बोल." आणि हीच दोघं रविवारी खाली चर्चबाहेर भेटली की कॅसिअन टोपी काढून म्हणायचा, "नमस्कार हेम्माबाई, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत, कॅसिअनराव. तुमच्या गाई कशा आहेत?"

"गाई आणि गुडघे," माझी बायको ट्राउडी घरी येऊन चिडायची. "या दोघांना तिसरा विषय नाही का?"

तसं त्याने विचारलं नव्हतं असं नाही. दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा फेब्रुवारीच्या सुट्टीत, रांग पार खानावळीच्या दारापर्यंत आलेली असताना. मी तेव्हा कामासाठी वर गेलो होतो, समोरच उभा होतो. कॅसिअनने केबिनमधून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "हेम्मा, तू माझ्याजवळ राहशील का?"

तिने हातातला ट्रे बाकावर ठेवला. "राहते. लवकर जाऊन ये. थांबवायचं बटण कुठलं, तेवढं दाखव."

आणि हा शहाणा तिला बटण दाखवून खरंच संडासला गेला.

दुसऱ्यांदा उन्हाळ्यात, गवत कापणीच्या दिवसांत. वर खानावळीच्या बाकावर बसून म्हणाला, "तू खाली माझ्या घरी येशील का?" दुसऱ्या दिवशी सकाळी हेम्माबाई स्वतःचं दाताळं खांद्यावर घेऊन हजर. दुपारपर्यंत त्यांनी गवत ओढलं, गवत उशिरा कापलंत म्हणून त्याला ऐकवलं, पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि गेल्या.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, उद्या ओढ्याकडचा तुकडा आहे."

"आणि?"

"उद्याही आल्या की. फार चांगलं ओढतात, ओत्मार."

मी डोक्याला हात लावला.

या वसंतात कंपनीने ठरवलं की खानावळ पाडायची आणि तिथे काचेचं मोठं उपाहारगृह बांधायचं, जिथे माणसाने आपलं ताट आपणच उचलायचं. हेम्माबाईंना कळवलं गेलं. ग्राझला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने खोली तयार ठेवली. नोव्हेंबरात बाई कायमच्या निघणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक झालं. मी मुद्दाम चढून वर गेलो, कॅसिअनला गाठलं आणि म्हटलं, "आता तुझ्याकडे हिवाळा नाही. कळतंय का? हा एकच उन्हाळा आहे."

तो गाईच्या खुरात अडकलेला खडा काढत होता. "कळतंय. बघू."

उन्हाळा गेला. सप्टेंबरात गाई फुलं आणि घंटा बांधून खाली उतरल्या, सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं. हेम्माबाई पहिल्या रांगेत, निळा रुमाल बांधून. कॅसिअन त्यांच्यासमोर थांबला. ट्राउडीने माझा दंड घट्ट धरला. तो म्हणाला, "हेम्माबाई, जरा मागे सरा, ही लिसल लाथ मारते."

नोव्हेंबर आमच्याकडे कोणाचाच नसतो. उन्हाळ्याचे पाहुणे गेलेले, हिवाळ्याचे यायचे असतात. हॉटेलांच्या खिडक्या बंद, बेकरीवाला एक दिवसाआड उघडतो. अशा एका दुपारी ट्राउडीचा ऑफिसात फोन आला. "ती पोस्टासमोर बसची वाट बघत बॅगेवर बसलीय आणि तो गोठ्यात शेण काढतोय. तू आत्ता ऊठ, नाहीतर मी उठते."

मी ऑफिसच्या बुटांनी गोठ्यात गेलो. "ती चाललीय."

"माहीत आहे."

"मग फावडं ठेव!"

"मला खाली नाही जमत, ओत्मार." त्याने फावड्यावर हनुवटी टेकवली. "वर तोंड उघडतं."

"वर तू सगळ्यांना तू म्हणतोस! तो डसेलडोर्फचा दंतवैद्य येतो, त्यालाही म्हणतोस, राहा रे आज, बस माझ्याजवळ!"

"तेच तर म्हणतोय. वर म्हटलं तर कळत नाही, आणि खाली म्हणवत नाही."

एवढा विचार त्याने केला होता हे पाहून मला आणखीच संताप आला. मी त्याच्या हातातलं फावडं ओढून भिंतीला लावलं आणि त्याला दंडाला धरून पोस्टासमोर नेलं. तसाच, गोठ्यातल्या बुटांत.

हेम्माबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. कॅसिअनने टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"हेम्माबाई," तो म्हणाला, "प्रवास सुखाचा होवो."

मी त्याला तिथेच एक ठेवून देणार होतो. पण बाईच उठल्या.

"कॅसिअनराव, तुम्ही मला वर दोनदा विचारलंत."

कॅसिअनचे कान लाल झाले. "तुम्हाला कळलं होतं?"

"मी काय खुळी आहे? बाईमाणसाला 'माझ्या घरी येशील का' म्हटलं तर कोणी दाताळं घेऊन जातं का?"

"तुम्ही तर आणलंत."

"आणलं! वर बाकावर बसून विचारलंत म्हणून आणलं. तिथे तुम्ही येईल त्याला हेच म्हणता. मला त्या दंतवैद्याच्या रांगेत बसायचं नव्हतं. म्हटलं, माणसाला खरंच हवं असेल तर खाली येईल, चार लोकांत विचारेल. आणि तुम्ही खाली आलात की माझे गुडघे विचारता! इतकी वर्षं! माझे गुडघे तुम्हाला करायचेत काय?"

एवढ्यात बस आली. ड्रायव्हर किलिअन आमच्या गावचाच. त्याने दार उघडलं, तिघांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "चालू द्या. मला घाई नाही."

कॅसिअनने टोपी पुन्हा काढली आणि या वेळी बगलेत धरली. "हेम्माबाई," तो म्हणाला, आणि थांबला, आणि मला वाटलं संपलं. "तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

"'तुम्ही' म्हणाला, बरं का," किलिअन माझ्याकडे बघत पुटपुटला. "तुम्ही!"

"मग काय म्हणणार? अजून माझं हो कुठे झालंय?" हेम्माबाई त्याच्यावर कडाडल्या. मग कॅसिअनकडे वळल्या. "तिकीट काढलंय. मुलगी जेवायची थांबलीय. तिला हे मी एकटीने जाऊन सांगू? उचला ती बॅग. तुम्हीच सांगा तिला."

त्याने बॅग उचलली.

"अरे, बूट!" मी ओरडलो.

"मागच्या सीटवर बस," किलिअन म्हणाला, "आणि खिडकी उघडी ठेव." बस सुटली. वळणावर मागच्या खिडकीतून कॅसिअनचं डोकं बाहेर आलं. "ओत्मार! संध्याकाळचं दूध!"

मला दूध काढता येत नाही. यंत्र आहे, पण ते लावायलाही गाईची परवानगी लागते, आणि लिसलने ती दिली नाही. ट्राउडी दारात उभी राहून इतकी हसली की तिला टेकायला भिंत लागली. मग तिनेच बाह्या सरसावल्या. माझ्या वाट्याला फावडं आलं.

आठवडा झाल्यावर ग्राझहून फोन. "लिसल नीट खाते ना?"

"तू कधी येतोस ते सांग. वर बर्फ पडायला लागलाय. लिफ्ट सुरू व्हायचीय."

"हेम्माबाईंची मुलगी म्हणते, नाताळ करूनच जा."

"नाताळ? कॅसिअन, नाताळात मधल्या स्थानकावर कोण उभं राहणार? कंपनीचे साहेब मला विचारतायत!"

पलीकडे भांड्यांचा आवाज, मग हेम्माबाईंचा. "साहेबांना म्हणावं, स्वतः उभे राहा. थांबवायचं बटण लाल आहे."

"ऐकलंस?" कॅसिअन म्हणाला.

"ऐकलं. सोळा वर्षं थांबलास, आणखी दोन महिने थांबला असतास तर हंगाम तरी सुरळीत लागला असता!"

"थांबवेना," तो म्हणाला आणि फोन ठेवला.