डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी

भावोजींची गाडी ढकलून ढकलून माझी कंबर कामातून गेली. साठ वर्षांपूर्वीची इटालियन स्पोर्ट्‌स गाडी. सीटा दोनच, डोक्यावर कापडी छप्पर, तेही विरलेलं. भावोजी कारखान्यात लेथवर होते. मायदेशी परत जाताना तिथला परदेशी साहेब ही बंद पडलेली गाडी त्यांच्या गळ्यात मारून गेला. आम्ही कपाळावर हात मारला, भावोजींना मात्र आकाश ठेंगणं झालं. जो पार्ट मिळेना तो त्यांनी स्वतः लेथवर बनवला. गाडीला कुणी नावं ठेवली की आठवडाभर अबोला. माझ्याशी तो दोनदा झाला.

तिचं स्टिअरिंग डावीकडे आणि आम्ही गाड्या चालवतो त्याही रस्त्याच्या डावीकडूनच. त्यामुळे पुढे ट्रक असला की समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही. दिसतं उजवीकडच्या सीटवर बसणाऱ्याला. तिथे माझी थोरली बहीण, ताई बसायची. डोकावून बघायची आणि म्हणायची, "जा." लगेच भावोजी गाडी ट्रकच्या पुढे काढायचे. तीस वर्षं त्या एका शब्दावर दोघांचा जीव. एरवी घरात तिचं एक ऐकतील तर शपथ!

गेल्या महिन्यात मी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची नजर बरीचशी गेलेली. उरलीय ती जपा, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. ताईला नवल वाटलेलं दिसलं नाही. बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. नाहीतर त्या सीटवरून मी उठलेच समज."

"अगं, मग तू 'जा' म्हणतेस ते कशाच्या जोरावर?"

"आवाजावरून. इतक्या वर्षांनी कळतं तेवढं."

तीन दिवस मूग गिळून बसलो. बोललो तर ताई मनातून खचणार, न बोललो तर दोघंही एकाच दिवशी जाणार. चौथ्या दिवशी राहवेना. भावोजी कार्बोरेटर खोलून पुसत बसले होते. त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, हातातला पाना फेकून मारतील.

त्यांचं पुसणं थांबलं नाही. "दीड वर्ष झालं मला कळून," ते म्हणाले. "'जा' म्हणाली आणि समोरून बस आली. थोडक्यात वाचलो. तिला पत्ताही नाही."

"आणि तरी तिला नेता?"

"नेतो ना. ट्रकच्या मागे धूर खात जातो. ती 'जा' म्हणाली की सांगतो, अगं, हिच्यात आता दम राहिला नाही." क्षणभर ते गाडीकडे बघत राहिले. चेहरा पार उतरला होता. "हिच्याबद्दल असं बोलायला जड जातं रे. पण तिला घरी बसवू?"

मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

परवा ताईच्या डोळ्यांत औषध घालायला गेलो होतो. पहिला थेंब पडल्यावर डोळा मिटून ती हळूच म्हणाली, "एक सांगू? हे हल्ली पुढे जायला घाबरतात. नाव मात्र गाडीचं सांगतात. वय झालं रे. मी आपली 'जा' म्हणत राहते, त्यांची उमेद खचू नये म्हणून. तू बोलू नकोस हं त्यांना."

"नाही बोलत," म्हटलं, आणि तिची हनुवटी वर धरून दुसऱ्या डोळ्यात थेंब सोडला.