उण्याची बैठक

हिरामण भायदे चाळीसेक वर्षं नाचात उभा राहिला, पण पुढे कधीच उभा राहिला नाही. तो झीलकरी. शाहिरानं ओळ म्हणून सोडली की मागच्यांनी ती उचलायची, वर न्यायची, आणि तेवढ्यात शाहिरानं दम खायचा. त्या उचलण्याला झील म्हणतात. म्हसळ्याच्या आतल्या गावांत गौरी-गणपतीला शक्ती-तुऱ्याचा नाच होतो तो या झिलीवर उभा असतो. शाहिराचं नाव फलकावर लिहितात. झीलकऱ्याचं कोणी लिहीत नाही, आणि हिरामणला त्याचं कधी काही वाटलं नाही.

पोटासाठी तो दिघीच्या जेट्टीवर माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. वरून आवाज आला 'हाबेस' की उचलायचं, 'आरिया' आला की खाली सोडायचं. चुकीचं ऐकलं तर एखाद्याचा हात जायचा. त्यामुळे नीट ऐकणं हा त्याच्या लेखी कामाचाच भाग होता. नीट न ऐकता मान हलवणारा माणूस त्याला कामचुकार वाटायचा, मग तो जेट्टीवर असो की देवळात.

त्यांच्या गावात एक रीत आहे. नाच झाला की दुसऱ्या दिवशी सगळे देवळात बसतात. तिला उण्याची बैठक म्हणतात. शाहीर मधे बसतो आणि प्रत्येकानं काल काय उणं राहिलं ते सांगायचं. उणं सांगितलं की हातात चहाचा कप मिळतो. "झकास झालं" एवढंच म्हणणाऱ्याला चहा नाही. तो झोपला होता असं धरतात. रावजी शाहीर होता तेव्हा एकदा त्याची इतकी उणी निघाली की दूध संपलं आणि शेवटच्या दोघांना कोरा चहा प्यावा लागला. रावजी घरी गेला नाही की रुसला नाही. उलट म्हणाला, "एवढी माणसं जागी होती म्हणजे गाणं बरं झालं असणार."

रावजी गेला. त्याचा मुलगा हर्षद पुढे उभा राहिला. गळा बापापेक्षा मोकळा. कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर तो घरीच होता, तेव्हा कुणाच्या तरी मोबाइलवर त्याचं गाणं कुलदीप नावाच्या पनवेलच्या माणसानं पाहिलं. कुलदीप कार्यक्रम भरवतो. मुरुडच्या समुद्रकाठी मोठा महोत्सव होता, त्यात त्यानं हर्षदला जागा दिली. आवडलं तर वर्षभर सोबत फिरायचं, पुणं, नाशिक, मुंबई. गणपतीतसुद्धा. किंबहुना गणपतीत जास्तच.

म्हणजे गौरीला गावात शाहीर नाही. दुसरा कोणी तयार नव्हता. नाच थांबणार हे हिरामणला कळत होतं आणि हर्षदलाही.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी हर्षद हिरामणच्या ओट्यावर येऊन बसला.

"काका, तुम्ही मुरुडला या. गाणं उभं राहतंय का तेवढं ऐका. न्हाय राहिलं तर कुलदीपला न्हाय सांगून मोकळा होतो. सोमवारी सांगायचंय त्याला."

"बाकीच्यांना इचार की."

"बाकीचे छानच म्हणतात. शिंकलो तरी छान म्हणतील."

"आणि झील कोण देतंय?"

हर्षदनं चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला. "मुंबैला रेकॉर्ड केलीय. स्टेजवर जागा न्हाय म्हणतात काका. मशीनवर वाजणार."

हिरामणची बायको गोदू आतून ऐकत होती. हर्षद गेल्यावर म्हणाली, "अवो, तुमास्नी नेलं न्हाय याचा राग काढू नका पोरावर."

"ऐकायला जातोय. राग काढायला न्हाय."

"ते आधी सोताला सांगा."

तो तुकारामला घेऊन निघाला. तुकाराम मृदंग वाजवतो, त्याच्याही जागी मशीनच होतं. पण तुकारामला समुद्र बघायचा होता, वडापाव खायचा होता, एवढ्यावर तो खूश. दिघीहून फेरीबोटीनं आगरदांडा, तिथून एसटीनं मुरुड. हर्षदनं दिलेल्या पासावर लिहिलं होतं, वेळेवर यावं. ते ऊन असतानाच पोचले.

वाळूवर बांबू आडवे बांधून कोंडवाडे केले होते. सगळ्यात पुढे पांढऱ्या कापडाचे सोफे, ते रिकामे. मागे खुर्च्या, त्यांवर रुमाल टाकून जागा धरलेल्या. त्याच्या मागे यांचा कोंडवाडा, उभ्यानं ऐकायचा. शेजारी जनरेटर. हिरामणनं स्वयंसेवकाला विचारलं, "हितनं ऐकू येईल?"

"काका, पार काशीदपर्यंत ऐकू जाईल!"

"काशीदला न्हाय, हितं इचारतोय."

पोरगा हसला आणि पुढे गेला.

सूर्य बुडाला तरी सत्कारच चालले होते. शाल, नारळ, मोठा गुच्छ, फोटो. मग ज्यानं सत्कार केला त्याचा सत्कार. निवेदिका प्रत्येकाला 'आपले लाडके' म्हणत होती. हिरामणचे गुडघे वाळूत उभं राहून आंबले. बसावं तर पुढचं काही दिसत नाही, आणि मागचे पाय देतात. तुकारामनं दोन वडापाव खाल्ले आणि तिसऱ्याच्या रांगेत गेला.

मग एकदम आवाज आला. कानात नाही, छातीत. बरगड्या हलल्या. ढोल, गिटार आणि आणखी काहीतरी घरघरणारं. स्टेजवर हर्षद मुंगीएवढा दिसत होता, बाजूच्या पडद्यावर मात्र ताडाएवढा. पडद्यावर त्याचं तोंड आधी मिटायचं आणि आवाज मग यायचा. शब्द? 'गणा', 'आरती' असं काहीतरी घोंघावत येत होतं आणि जनरेटरच्या आवाजात बुडत होतं. पुढच्यांनी मोबाइल वर धरले होते, त्यामुळे मुंगीही दिसेनाशी झाली. एक बाई गाण्याकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढत होती. मग तिनं तो बघितला आणि पुन्हा काढला.

हिरामणनं कानामागे हात धरला. डोळे मिटले. जेट्टीवर वाऱ्यात आवाज शोधायचा तसा शोधला. सापडेना.

मग पडद्यावर हर्षदचा डावा हात कानाकडे गेला. ती रावजीची सवय, ओळ संपत आल्याची खूण. हिरामणला दुसरं काही कळायच्या आत गळ्यातून झील बाहेर पडली. उंच, खणखणीत, सवयीची. आजूबाजूची माणसं दचकून वळली. आणि नेमकी तेव्हाच मशीनची झील आली, भिंत कोसळावी तशी, भलत्याच ठिकाणी.

"ओ काका, जरा गाणं ऐकू द्या की!" एक तरुण म्हणाला.

"ऐकू येतंय तुला?"

"मग! एक नंबर चाललंय."

"काय म्हणतोय तो?"

"काय म्हणजे? गाणं म्हणतोय."

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या हे हिरामणला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यानं वाजवल्या नाहीत. त्यापेक्षा दिवसभर पोती वाहिली असती तर निदान पाठ कशानं दुखते ते तरी कळलं असतं.

रात्र तुकारामच्या भाचीकडे काढून दुसऱ्या दिवशी परत येताना तुकारामनं स्टँडवर पेपर घेतला. आत चौकटीत बातमी होती. 'सुरांच्या लाटांवर रसिक चिंब. युवा शाहिरांनी जिंकली मने.' हिरामणनं ती दोनदा वाचली. नाव खोडून दुसऱ्या कुणाचं घातलं असतं तरी बातमी तशीच चालली असती. सुगम गाणारीला, जादूगारालाही. कुठलं गाणं, कसं म्हटलं, कुठे जमलं, कुठे हललं, एक अक्षर नाही. शेवटी लिहिलं होतं, 'झीलकऱ्यांची दमदार साथ व मृदंगाचा ठेका विशेष लक्षवेधी ठरला.'

"बघ!" तुकाराम म्हणाला. "आपलं पण लिहिलंय."

"आपण होतो का तिथं?"

"होतो की. मागं."

"तू वडापावच्या रांगेत होतास, तुकाराम."

"लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानंच लिहिलं असंल रे."

"चांगल्या मनानं खोटं लिवलं की ते खरं होतं का?"

तुकारामनं ती बातमी नीट फाडून खिशात ठेवली.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. हर्षद मधे बसला. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर अजून कालचा उजेड होता. सगळ्यात म्हातारा बाबाजी, त्याच्यापासून सुरुवात करायची रीत. बाबाजी मुरुडला आला नव्हता, पण नातवाच्या मोबाइलवर त्यानं बघितलं होतं.

"काय सांगू पोरा," बाबाजी म्हणाला. "गावाचं नाव काढलंस."

सगळे हसले. त्याच्या हातात कप गेला.

हिरामणनं कपाकडे बघितलं. बाबाजीनं आयुष्यात कुणाला असं सोडलं नव्हतं. रावजीला तर त्यानं एकदा उभा सोलला होता.

मग तुकाराम. "मला तर काय उणं दिसलंच न्हाय." त्यालाही चहा. पुढचा म्हणाला, लाइटिंग भारी होतं. त्याच्या पुढचा म्हणाला, आता आपल्याला विसरू नको म्हणजे झालं. कप फिरत राहिले. बातमीचा तुकडा हातोहात फिरला. ज्यांची साथ लक्षवेधी ठरली ते झीलकरी, काल घरी बसलेले, आपली ओळ बोट लावून वाचत होते.

हर्षदनं हिरामणकडे बघितलं. "काका, तुमचं?"

"माझं काय न्हाय."

"म्हंजे उणं न्हाय?"

"उणं पण न्हाय आणि चांगलं पण न्हाय. मला ऐकू आलं न्हाय, हर्षद. एक शब्द न्हाय. जे ऐकलं न्हाय त्याचं काय सांगू?"

मग बाबाजी म्हणाला, "हिरामण, पोराचा आजचा दिवस हाय. दोन शब्द गोड बोललास तर तुझं काय जातंय?"

"माझं काय जात न्हाय. त्याचं जातंय."

"हिरामणला स्टेजवर घेतला न्हाय ना," कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं.

हर्षदनं ते ऐकलं आणि नाकारलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "राहू दे काका. तुम्हाला ऐकायचंच नसंल."

हिरामण उठला आणि चहा न पिता घरी गेला. वाटेत त्याला स्वतःचाच संशय आला. खरंच ऐकू आलं नाही, की मशीनची झील आहे म्हटल्यावर कानच मिटले होते? गोदूनं विचारलं, त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मग परत ऐका की. गाणं काय पळून गेलंय?"

रविवारी सकाळी तो स्वतः हर्षदच्या घरी गेला. हर्षद पडवीत पिशवी भरत होता.

"सामान ठेव खाली," हिरामण म्हणाला. "गाणं म्हण."

"आता? हितं?"

"हितं ऐकू येतं."

हर्षदनं थोडा वेळ घुटमळून सुरुवात केली. आधी रागानं, मग राग विसरून. नवीन कवन होतं, त्यानंच बांधलेलं. खाडीपलीकडे कामाला गेलेल्या माणसाची वाट बघणारी गौर, माहेरी आलेली आणि परत जायला तयार नसलेली. हिरामण भिंतीला टेकून ऐकत होता. शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. तिसऱ्या कडव्याला त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाच त्याला संताप आला. हे असलं गाणं. वाळूवर एवढी माणसं मावत नव्हती, आणि हे त्यातल्या एकाच्याही कानात गेलं नाही. आणि सगळे छान म्हणून घरी गेले.

आत्ता वाईट म्हटलं असतं तर पोरगा थांबला असता. गौरीला नाच झाला असता. फक्त एक शब्द. रावजीच्या घरात उभं राहून तो शब्द म्हणायला त्याची जीभ वळेना.

"गाणं चांगलं हाय," तो म्हणाला. "तुझ्या बापाला जमलं नसतं."

हर्षद बघतच राहिला. "मग काल का—"

"काल ऐकलंच न्हाय म्हटलं ना. आता ऐकलं. आता उणं सांगतो. ओळ सोडल्यावर तू थांबत न्हाईस. झिलीला जागाच देत न्हाईस. पुढची ओळ दम न घेता धरतोस म्हणून शेवटचा शब्द दोनदा गिळलास. मुंबैत ज्यांनी झील म्हटली त्यांनी कुठं घुसायचं?"

"मशीन थांबत न्हाय काका. त्याचं ठरलेलं असतंय. आपणच पळायचं त्याच्या मागनं."

"मग त्यांना सांग."

हर्षदनं तिथूनच कुलदीपला फोन लावला, आवाज मोठा करून. झील अर्धा दम उशिरा हवी, जमलं तर दोन झीलकरी सोबत हवेत, असं त्यानं नीट सांगितलं.

"दादा, दादा," कुलदीप म्हणाला, "तुम्ही काय गायलात परवा! मी तर फॅन झालो. काही म्हणजे काही बदलू नका. एकदम परफेक्ट आहे."

"पण शेवटचा शब्द गिळला जातोय."

"कोणाला कळतंय दादा? पब्लिक वेडं झालं होतं. मग मी उद्या तुमचं पक्कं धरू ना?"

हर्षदनं हिरामणकडे बघितलं. हिरामणनं मान फिरवून परसातल्या माडाकडे बघितलं. या उत्तरात त्याला हात घालायचा नव्हता.

"धरा," हर्षद म्हणाला आणि फोन ठेवला. "किती गोड बोलतो, काका. पण भिंतीला धडकल्यासारखं परत येतंय सगळं."

"गौरीचं काय ते आम्ही बघू," हिरामण म्हणाला. आवाजात राग होता, पण कोणावर काढावा असं समोर कोणी नव्हतं. "तू उद्या जाणार ना? मग आज दिवसभर हाय. ऊठ."

"कशाला?"

"मशीन थांबत न्हाय तर तू चोरून थांबायला शिक. शब्द आखूड कर, दम आत घे, आणि मग धर. मी झील देतो मशीनसारखी, न थांबता. तू माझ्यातनं वाट काढ."

पहिल्या वेळी शब्द गिळला गेला. दुसऱ्या वेळीही. चौथ्या-पाचव्या वेळी हर्षदचा आवाज फाटला. त्यानं घाम पुसला आणि पायरीवर बसला.

"एवढं करून कोणाला ऐकू जाणार हाय, काका?"

"कोणालाच न्हाय," हिरामण म्हणाला. "परत म्हण."