तात्यांच्या जीपचा बेल्ट

वर्षभर मला वाटत होतं, तात्यांना मी मारलं.

आज सकाळी कळलं, नाही.

हे लिहिताना हात अजून ग्रीसचे आहेत. फोन खराब होतोय. होऊ दे.

ज्यांना तात्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शिनोलीत रस्त्याला लागून पत्र्याचं गॅरेज, आणि त्यात जुन्या डिझेल गाड्यांचा हा डॉक्टर. माझी शाळा पार वर, भीमाशंकरच्या बाजूला. रस्ता असा की त्याला रस्ता म्हणणं उपकार. म्हणून मी एक म्हातारी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली, आणि आठवड्यातून दोनदा तात्यांच्या दारात जाऊन उभी राहू लागले.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात पाना दिला.

"मॅडम, वर डोंगरात बंद पडली तर मी काय हेलिकॉप्टरनं येऊ? शिका."

शिकले. नवरा म्हणायचा, तुझ्या पर्समध्ये रुमाल कमी आणि नट-बोल्ट जास्त. खरं होतं.

फॅन बेल्टच्या बाबतीत तात्यांचा एक नियम होता.

"जुन्या बेल्टच्या मापानं नवा आणायचा न्हाई. जुना ताणून लांबलेला असतो. सुतळी घ्यायची, पुल्यांच्या चाकांवरनं फिरवायची आन ती मापायची."

"आणि चुकलं तर?"

"ह्यो एक बेल्ट घसराय लागला का इंजिनात पाणी फिरत न्हाई, बॅटरी चार्ज व्हत न्हाई, आन ब्रेक दगडावानी व्हतो. उताराला मग बोंबला."

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. नेमका तेव्हाच त्यांच्या स्वतःच्या जीपचा बेल्ट तडकला.

"तुमीच बदला. मी खुर्चीत बसून शिव्या देतो."

जुन्या बेल्टवरचा नंबर पुसून गेला होता. सुतळी लावायला हवी होती.

पण मला तीनला मीटिंग. जुना बेल्ट काढला, घोडेगाव गाठलं, दुकानात जुना आणि नवा शेजारी शेजारी बोटावर टांगले. सारखे दिसले. घेतला.

बसवताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, खाचेच्या पार टोकापर्यंत ओढला, तेव्हा कुठे बेल्ट ताणला गेला. बेल्ट लांब तर नाही? तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

"सुतळी लावली व्हती ना?" खुर्चीतून आवाज.

"हो तात्या."

मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते मी. पगार घेते त्याचा.

महिनाभराने तात्या एकटेच जीप घेऊन घोडेगावला निघाले. पोचले नाहीत. रस्त्याच्या कडेला, जीपमध्येच सापडले. हार्ट अटॅक. सगळे दवाखान्यात धावले, जीप तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याने टोचन लावून ओढत घरी आणली, कारण बॅटरी पूर्ण उतरली होती.

बॅटरी उतरली होती, हे ऐकलं आणि मला मी बसवलेला बेल्ट आठवला.

बेल्ट घसरला. चार्जिंग गेलं. उतारावर ब्रेक कडक झाला. म्हातारा माणूस घाबरला. वर्षभर हेच डोळ्यांपुढे. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तात्यांच्या बायकोला, काकींना, भेटायला जायचे तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली झाकलेल्या त्या जीपकडे पाठ करून बसायचे.

आज पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. काकी मला म्हणाल्या,

"तू तेवढी गाडी चालू कर बाई. वरीस झालं मुकी हुभी हाय. त्येंना आवडलं नसतं."

नाही कसं म्हणणार?

माझ्या जीपची बॅटरी काढून आणली. बॉनेट उघडलं. डोळे मिटून, खरंच.

बेल्ट जागेवर होता. अखंड.

अंगठ्याने दाबला. बोटभर दबला, जेवढा दबायला हवा तेवढाच. अल्टरनेटर खाचेच्या मध्यावर.

मध्यावर?

मी तर टोकाला ओढला होता. वाकून बघितलं. बेल्टच्या पाठीवर पिवळा ठिपका. तात्या स्वतः बसवलेल्या प्रत्येक बेल्टवर द्यायचे तो.

हा माझा बेल्ट नव्हताच.

बॅटरी जोडली.

टिक. टिक. टिक.

जीपचे चारी इंडिकेटर लुकलुकायला लागले. ते बटण वर्षभर तसंच दाबलेलं राहिलं होतं.

म्हणजे छातीत कळ आली तेव्हा त्या माणसाने गाडी शांतपणे कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्यांना कळावं म्हणून इंडिकेटर लावले. तेच रात्रभर चालू राहिले आणि बॅटरी संपवून बसले.

ब्रेक लागले होते. व्यवस्थित लागले होते.

मी चाकाला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. एवढं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. काकी घाबरल्या. मग सगळं सांगून टाकलं. सुतळी, मीटिंग, खोटं, सगळं.

काकींनी सीटखाली हात घातला आणि एक बेल्ट काढून माझ्या मांडीवर टाकला. माझाच. त्यावर पिवळ्या रंगात तात्यांचं अक्षर: "मॅडमचा. लांब हाय. अडीनडीला चालंल."

"डोळ्याची पट्टी निघाली त्याच दिशी बदलला त्येंनी," काकी म्हणाल्या. "मी म्हनलं, तिला सांगा की. तर म्हनले, नगं. ती आपणहून सांगंल. वाट बघू."

जीप तिसऱ्या सेल्फला धूर ओकत उठली. काकींना शेजारी बसवून शिनोलीतून एक चक्कर मारली. काकी पूर्ण वेळ सूचना देत होत्या. चालवता त्यांना येत नाही.

तात्या, सुतळी लावली नव्हती.

सांगायला उशीर झाला. वाट बघितलीत, त्याबद्दल तुम्हाला वाकून नमस्कार. आता बघू नका.

गाडीकडे मी बघते.