हरकतीची मुदत

माझ्या नव्या प्रतिस्पर्ध्याच्या ऑनलाइन बातमीपत्राचं ऑफिस म्हणजे चाकणच्या चौकात उभी असलेली त्याची बुलेट. गॉगल कपाळावर, आवाज चढा, आणि दर वाक्याला 'राव'. माझं छापील साप्ताहिक वडिलांपासूनचं, सरकारी जाहीर नोटिसांवर जगलेलं. नियम बदलले, नोटिसा ऑनलाइनवाल्यांनाही मिळायला लागल्या, आणि तहसीलमधले साहेब माझ्यादेखत त्याला चहा पाजू लागले.

माझा अंक भजी बांधायला जातो. त्याची नोटीस मात्र लोक वाचतात, कारण ती गावाच्या ग्रुपवर टाकून हा वर एकेकाला फोन करतो, "काका, रस्त्यात तुमची जमीन जातीय राव. हरकत घ्या."

फुकटची पुढारकी, असं मी चारचौघांत म्हणायचो.

परवा त्याचा मलाच फोन आला. "भाऊ, तुमचा मळ्यातला गट नंबर हाय राव रस्त्याच्या नोटिशीत. उद्या मुदत संपतीय. हरकत घेतली ना?"

मी त्याची नोटीस उघडली. मजकूर ओळखीचा वाटला. गेल्या आठवड्यात तो मीच तिसऱ्या पानावर छापला होता, न वाचता.

हरकत मुदतीत नोंदवली. त्यानंतर आलेला त्याचा फोन मात्र अजून उचललेला नाही.