पाठ न दाखवणारा सेनापती

कापडाच्या दुकानाच्या काचेत पुतळे सजवण्यात त्यांची उमर गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना शोकेसवाले म्हणे. बायको रागावली की तीही म्हणे.

दोन मापं मोठा कोट ते पुतळ्याला असा बसवत, की जणू शिंप्याने अंगावरच शिवलाय. पुढून नवरदेव, मागून टाचण्याच टाचण्या. पण मागे भिंत असायची, आणि भिंत कुणाला सांगायला जाणार?

ही कला त्यांनी घरीही आणली होती. शर्टाला इस्त्री कॉलर आणि छातीपुरतीच, कारण वरून कोट. कपाट पुसायचं ते दारातून दिसतं तेवढंच. लग्नानंतर काही वर्षं बायको बोलली. मग वस्तूंची मागची बाजू आपल्याच नशिबी आहे असं समजून मुकाट्याने पुसू लागली.

पुढे दुकान बंद पडलं. दिवसभर घरी बसून ते स्वयंपाकघरातले डबे ओळीने लावत आणि वर, 'आता कसं भरल्यासारखं दिसतं,' असं म्हणत. डब्यांत काय आहे हे बायकोला ठाऊक होतं.

अशात संग्रहालयाचा निरोप आला. एका प्रसिद्ध लढाईतली शस्त्रं आणि चिलखतं मांडायची होती, पुतळे सजवणारा हवा होता. तिथले साहेब म्हणाले, "काम पसंत पडलं, तर कायम ठेवू."

घरी येऊन त्यांनी यातलं 'तर' गाळून सांगितलं. बायकोने ते विहीणबाईंना सांगितलं, विहीणबाईंनी सगळ्या गोतावळ्यात. आता रिकाम्या हाताने परत येणं शक्यच नव्हतं.

अडचण आली ती सेनापतीची. डोंगराएवढा माणूस अशी त्याची ख्याती, आणि खोक्यातून चिलखत निघालं ते एखाद्या काडीपहिलवानाच्या मापाचं. पुतळे तर बंद पडलेल्या दुकानातलेच, भरदार छातीचे. पुढचा पत्रा बसला. मागचा काही केल्या जुळेना. शोकेसवाले जराही डगमगले नाहीत. पुतळा भिंतीशी उभा करून त्यांनी मागचा पत्रा खोक्यात ठेवला आणि पाठीवर नाडी बांधली. मग सवयीने एक हात कमरेवर, एक गुडघा किंचित वाकलेला, हनुवटी वर. बाकीचे शिपाईही असेच उभे राहिले. शत्रू चालून आलाय असं कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हतं; सेल लागलाय असं मात्र वाटत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी सुतारांनी सेनापतीला उचललं आणि दालनाच्या मधोमध, चारही बाजूंनी काच असलेल्या पेटीत नेऊन ठेवलं. काचेला चार बाजू असाव्यात असं शोकेसवाल्यांच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं.

प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि समोर उभं राहायचं सोडून ते पेटीला वळसा घालून मागे गेले. मागोमाग सगळे. तिथे उघडीबोडकी प्लॅस्टिकची पाठ, चांगली फुलासारखी बांधलेली नाडी आणि कमरेखाली दुकानाचं जुनं लेबल : 'एकावर एक मोफत'.

साहेबांनी शोकेसवाल्यांकडे पाहिलं. शोकेसवाल्यांना डोळ्यांसमोर विहीणबाई दिसल्या.

पाहुण्यांनी घसा साफ केला. कशावरही बोलायची त्यांना सवय होती. "पाहिलंत? पाठीला चिलखतच नाही. ज्याला शत्रूला पाठ दाखवायचीच नव्हती, तो पाठ झाकेल कशाला?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी साहेबांची.

गर्दी पांगल्यावर शोकेसवाले चाचरत त्यांच्याजवळ गेले. "साहेब, मागचा पत्रा खोक्यात आहे. पुतळ्याची छाती थोडी तासली की बसेल."

"कसा आहे तो पत्रा?"

"चांगला आहे. मधोमध भाल्याचं भोक आहे तेवढं."

साहेबांनी कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मग खोक्यातच राहू दे. बाकीच्यांचेही मागचे पत्रे काढून ठेवा. ते लेबल खरडा. आणि उद्यापासून कायमचे या."

घरी पोचेपर्यंत ती कल्पना शोकेसवाल्यांचीच झाली होती. "मीच ठरवलं," कोट खुंटीला लावून ते चपला काढता काढता म्हणाले. "म्हटलं, वीराला पाठीचं चिलखत शोभत नाही."

बायको भाजी चिरत होती. "नोकरी पक्की ना?"

"पक्की. पण मुद्दा तो नाही. मर्द माणूस पाठ दाखवत नाही."

"असं?" तिने विळीवरून मान वर केली. "मग दुकान बंद पडल्यावर विहीणबाईंनी विचारलं, हे घरी का असतात, तेव्हा मागच्या दाराने कोण गेलं?"

"काम होतं."

"आणि धाकटीच्या साखरपुड्यात मानपानावरून बोलाचाली झाली तेव्हा? मला एकटीला पुढे करून?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीची मागची बाजू बघतेस."

"दुसरी कुठली ठेवलीत माझ्यासाठी?"

शोकेसवाल्यांनी नुकत्याच काढलेल्या चपला परत घातल्या, जरा पाय मोकळे करून येतो असं पुटपुटले आणि खुंटीवरचा कोट तसाच ठेवून बाहेर पडले.

"अहो," मागून बायको म्हणाली, "निदान पाठीला इस्त्री तरी करून जा."