तीन तासांचं अंतर

शिरगावातली ती बाई आता राहिली नाही. तिच्या हयातीत जे सांगायला हवं होतं, ते आता लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, आखाताला माणसं पाठवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात कारकून होतो. पोरांबरोबर त्यांच्या आया येत. आईला किलोमीटर सांगायचे नाहीत, तास सांगायचे, ही माझी पद्धत होती. एकोणीसशे किलोमीटर ऐकलं की पदर डोळ्याला जाई. तीन तास म्हटलं की तोंडावर हसू येई.

ही बाई मुलाला घेऊन आली, तेव्हा भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाली, "साहेब, दुबई किती लांब हाय?"

"मावशी, इथून पुण्याला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. तीन तास. सकाळी विमानात बसला तर दुपारी तुमच्या पानावर."

"मंग भाकरी बांधून द्यायची पन गरज नाय," ती म्हणाली. मुलगा लाजला. आम्ही सगळे हसलो.

तिथे पोचल्यावर पासपोर्ट मालकाच्या कपाटात जातो आणि दोन वर्षांचा करार संपेपर्यंत सहसा बाहेर येत नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

वर्षभरात तिचा नवरा वारला. सकाळीच शेजारी आमच्या ऑफिसात धावत आला. मी दुबईला फोन लावला. मुलगा रडत म्हणाला, "पासपोर्ट मालकाकडे आहे, तो देत नाही. काहीतरी करा, साहेब." मला करता येण्यासारखं काही नव्हतं. मी शिरगावला गेलो.

तिने प्रेत उचलू दिलं नव्हतं. "तीन तास लागतात. साहेबांनीच सांगितलंय. दुपारपर्यंत पोचंल माझा पोरगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. अंगणात गावातली आणखी तीन पोरं उभी होती. त्यांचे दुबईला जायचे फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होते.

मी म्हणालो, "निरोप दिला. येणं जमणार नाही म्हणतो."

"जमनार नाय?" तिचा दीर ओरडला. "बापाचं मडकं धरायला जमनार नाय? मोठा शेख लागून गेला काय?"

पासपोर्टचं एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी चपला शोधू लागलो. मडकं पुतण्याने धरलं.

करार संपवून मुलगा परतला. त्याने आईला खरं सांगितलं. तिला पटलं नाही. तीन तासांच्या वाटेला कसले आलेत बहाणे, म्हणाली. त्याने आणलेली जाड चादर तिने कधी अंगावर घेतली नाही. अंगणातली ती तिन्ही पोरंही पुढे माझ्याच हातून दुबईला गेली.

बऱ्याच वर्षांनी बदलापूरच्या बाजारात ती भेटली. माझे केस पांढरे झाले होते, तरी तिने मला लगेच ओळखलं.

"साहेब, इमान अजून तीनच तास घेतं ना?"

"हो मावशी. तीनच."

तिने मान हलवली आणि पुढच्या भाजीवालीकडे गेली. तिची पिशवी धरून मुलगा मागेच उभा होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी टोमॅटो निवडत होतो.